सौर पंपाच्या कंट्रोलरमधली नखाएवढी चिप : पॅनल 25 वर्षं टिकेल, पण ही किती टिकणार?

पारा, थायरिस्टर, आयजीबीटी ते सिलिकॉन कार्बाइड; विजेच्या 'बटणां'चा प्रवास आणि पुढची आव्हानं, समजून घ्या सोप्या भाषेत

किन्हीराजा (ता. मालेगाव, जि. वाशीम) : मोटर बंद पडली की आधी फ्यूज बघायचा, मग स्टार्टर, मग डीपी. विहिरीवरच्या मोटरीचं हे गणित शेतकऱ्याला पाठ आहे. सौर पंप आला आणि गणित बदललं. आता पोल नाही, डीपी नाही, रात्रीच्या लाईटची पाळी नाही. आहे तो पॅनलच्या सांगाड्याला बसवलेला एक बंद डबा. सगळे त्याला 'कंट्रोलर' म्हणतात. ऐन रब्बीत तो बंद पडला तर गावातला वायरमन सहसा हात लावत नाही, कंपनीचा माणूस येईपर्यंत हरभरा आणि गहू पाण्याची वाट पाहतात.

या डब्यात नेमकं काय असतं? तो का तापतो, का जळतो आणि पुढच्या काळात तो अधिक टिकाऊ होईल का? या प्रश्नांची उत्तरं 'पॉवर सेमीकंडक्टर' नावाच्या वस्तूत आहेत. सेमीकंडक्टर म्हटलं की मोबाईल आणि कॉम्प्युटरची चिप आठवते. पण चिपची दुसरीही एक जात आहे. ती हिशोब करत नाही, माहिती साठवत नाही. तिचं काम एकच, मोठा करंट चालू करायचा आणि बंद करायचा, तोही सेकंदाला हजारो वेळा.

शिवारात आता सरकारी योजनेतून

राज्यात सप्टेंबर 2024 मध्ये 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना सुरू झाली. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरापर्यंत जमीन असेल तर 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5 एचपी आणि त्यावर साडेसात एचपीचा पंप मिळतो. संचाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा आहे.

किन्हीराजा, जऊळका आणि मालेगाव तालुक्याच्या इतर भागांत खरिपात सोयाबीन-तूर आणि पाणी असेल तर रब्बीत गहू-हरभरा, असा पीक पद्धतीचा सांगाडा आहे. विहीर, बोअर किंवा शेततळं यावरच रब्बी उभी राहते. त्यामुळे दिवसा पाणी मिळणं ही इथे सोयीची नव्हे, जीवाची गोष्ट आहे. रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला जाताना साप-विंचवाची भीती किती असते, हे कुणाला सांगायला नको.

पण पॅनल आणि पंप यांच्या मध्ये बसलेल्या कंट्रोलरची चर्चा फारशी होत नाही. खरं तर सगळ्या संचात सर्वात नाजूक भाग तोच.

डब्याच्या आत काय चालतं?

पॅनलमधून येणारी वीज 'डीसी' असते, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. अनेक पॅनल एकामागे एक जोडले की काहीशे व्होल्टचा डीसी तयार होतो. थ्री फेज मोटरीला मात्र 'एसी' लागतो, म्हणजे दिशा सतत बदलणारी वीज. कंट्रोलर हा बदल घडवतो.

त्यासाठी आत मुख्यतः सहा इलेक्ट्रॉनिक बटणं असतात. मोटरीच्या प्रत्येक फेजसाठी दोन. ती ठरलेल्या क्रमाने इतक्या वेगाने उघडझाप करतात की सरळ वाहणाऱ्या विजेचे तुकडे पडतात आणि त्या तुकड्यांपासून मोटरीला हवा तसा एसी तयार होतो. ही बटणं म्हणजेच पॉवर सेमीकंडक्टर. बहुतेक ठिकाणी ती 'आयजीबीटी' किंवा 'मॉसफेट' या प्रकारची असतात.

बटण उघडझाप करण्याचीच पद्धत का? जुन्या पंख्याचा मोठा चौकोनी रेग्युलेटर आठवा. पंखा हळू केला की तो गरम व्हायचा. कारण जास्तीची वीज तो उष्णता करून वाया घालवायचा. बटण पूर्ण चालू असेल तर त्यात फार कमी वीज वाया जाते, पूर्ण बंद असेल तर जवळपास काहीच जात नाही. सगळा त्रास अर्धवट अवस्थेत होतो. म्हणून ही बटणं शक्य तितक्या लवकर चालूची बंद आणि बंदची चालू व्हावीत, यासाठी शास्त्रज्ञांची गेली सत्तर वर्षं धडपड सुरू आहे.

कंट्रोलर आणखी दोन कामं करतो. पहिलं, ऊन कमी-जास्त झालं तरी त्या क्षणी पॅनलमधून जास्तीत जास्त वीज कशी ओढता येईल, ते तो सतत शोधत राहतो. यालाच 'एमपीपीटी' म्हणतात. दुसरं, तो मोटरीचा वेग उन्हाप्रमाणे बदलतो. स्टार्टरवर मोटर एकदम चालू केली की क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढला जातो. कंट्रोलरवर मोटर हळूहळू वेग घेते, तो झटका बसत नाही.

वेग कमी करण्याचा फायदा मोठा आहे. पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग 80 टक्के केला तर शक्ती जवळपास निम्मीच लागते. म्हणून ढगाळ दिवशी पंप बंद न पडता धिम्या गतीने चालतो. मात्र विहीर किंवा बोअर खोल असेल तर एका मर्यादेखाली वेग गेल्यावर मोटर फिरते, पण पाणी वर येत नाही. सकाळी 'मोटर चालू आहे, पण पाणी नाही' असं दिसतं त्यामागे अनेकदा हेच कारण असतं. तो बिघाड नव्हे.

पाऱ्यापासून सुरुवात

विजेचं रूप बदलण्याची गरज नवी नाही. महाराष्ट्रात 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची रेल्वे धावली. ती 1500 व्होल्ट डीसीवर चालायची. एसीचा डीसी करायला त्या काळी जगभर प्रचंड फिरती यंत्रं किंवा पाऱ्याच्या वाफेवर चालणारे रेक्टिफायर वापरत. काचेच्या किंवा लोखंडी भांड्यात पारा, त्यातून उडणारी निळसर ठिणगी. जागा भरपूर लागायची, देखभाल सतत.

1947 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला. घन पदार्थाच्या तुकड्यातून विजेवर ताबा मिळवता येतो, हे सिद्ध झालं. पुढच्या दहा वर्षांत, 1957 मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीत 'थायरिस्टर' तयार झाला. वर्कशॉपमध्ये बॅटरी चार्जर किंवा वेल्डिंग मशीन दुरुस्त करणारे त्याला आजही 'एससीआर' म्हणूनच ओळखतात. पाऱ्याच्या भांड्याचं काम आता हातात मावणाऱ्या तुकड्यावर आलं. पाठोपाठ 1958 मध्ये मुंबईत हिंद रेक्टिफायर्स ही कंपनी सुरू झाली. भांडुपची ही कंपनी आजही रेल्वेसाठी अशी उपकरणं बनवते.

थायरिस्टरची एक अडचण होती. कालव्याचं दार समजा. एक धक्का दिला की उघडतं, पण आपल्याला हवं तेव्हा बंद होत नाही. पाणी स्वतःहून थांबलं तरच मिटतं. तरीही मोठ्या कामाला तो उत्तम ठरला. चंद्रपूर ते मुंबईजवळचं पडघे ही 500 किलोव्होल्टची डीसी वाहिनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. विदर्भातल्या कोळशावर तयार झालेली 1500 मेगावॅटपर्यंतची वीज सुमारे 750 किलोमीटर दूर पश्चिम महाराष्ट्राकडे नेण्याची तिची क्षमता. दोन्ही टोकांना एसीचा डीसी आणि डीसीचा पुन्हा एसी करणारे हॉल थायरिस्टरनी भरलेले आहेत.

आयजीबीटी आणि एक भारतीय नाव

1970 च्या दशकात मोठ्या शक्तीचे मॉसफेट बाजारात आले. ते वेगाने उघडझाप करतात आणि थोड्याशा इशाऱ्यावर चालतात. पण व्होल्टेज वाढलं की त्यांचा विरोध वाढतो, तापतात. दुसरीकडे जुने ट्रान्झिस्टर मोठा करंट सहज वाहू देतात, पण त्यांना चालवायला बराच करंट द्यावा लागतो. या दोघांचे गुण एकत्र आणण्याचं काम ज्यांच्या नावाशी जोडलं गेलं ते शास्त्रज्ञ भारतीय आहेत.

बी. जयंत बालिगा यांचा जन्म चेन्नईचा, शिक्षण आयआयटी मद्रासचं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी 'इन्सुलेटेड गेट बायपोलर ट्रान्झिस्टर' म्हणजे आयजीबीटी विकसित करून प्रत्यक्ष वापरात आणला. कालव्याचं दार आता इशाऱ्यावर उघडू लागलं आणि इशाऱ्यावर मिटूही लागलं. 2024 मध्ये फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला.

आज इन्व्हर्टर एसी, इंडक्शन शेगडी, लिफ्ट, पवनचक्की, सौर प्रकल्प आणि रेल्वे, सगळीकडे आयजीबीटी आहे. मुंबईच्या लोकलमध्ये 2007 पासून आलेल्या नव्या गाड्यांत थ्री फेज मोटरी आयजीबीटीवर चालतात आणि ब्रेक लावताना तयार होणारी वीज पुन्हा तारेत सोडतात. आपल्याकडे अकोला-पूर्णा मार्गाचं विद्युतीकरण झालं आहे. जऊळका रेल्वे स्थानकातून मालगाडी ओढत नेणाऱ्या आधुनिक थ्री फेज इंजिनात आणि किन्हीराजाच्या शेतातल्या सौर पंपात तत्त्व एकच आहे. फरक आकाराचा. इंजिन सहा हजार एचपीचं, पंप पाच एचपीचा.

मग जळतं काय? पहिलं आव्हान, उष्णता

समजा 5 एचपीच्या संचात पॅनलमधून 4000 वॅट वीज येते आहे आणि कंट्रोलरमध्ये त्यातली 4 टक्के वाया जाते. म्हणजे 160 वॅट. जुना 100 चा आणि 60 चा पिवळा बल्ब बंद डब्यात दिवसभर पेटवून ठेवावा, तितकी उष्णता. बाहेर मे महिन्याचं 44-45 अंश तापमान. डबा उन्हात असेल तर आतलं तापमान आणखी वर.

सिलिकॉनच्या बहुतेक पॉवर चिपना आतून 150 ते 175 अंशांपर्यंतच चालवता येतं. म्हणून डब्याच्या मागे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. त्यातून उष्णता हवेत जाते. या पट्ट्यांवर धूळ बसली, कुणी डब्यावर पोतं टाकलं किंवा मागे चारा रचून ठेवला तर उष्णतेला वाट राहत नाही. चांगला कंट्रोलर अशा वेळी स्वतःच वेग कमी करतो. 'दुपारी भर उन्हात पाणी कमी का होतं' याचं एक कारण हेही असतं. शिवाय पॅनलही तापल्यावर थोडी कमी वीज देतो.

चिप एकाच दिवशी जळते असं नाही, ती हळूहळू थकते. सकाळी थंड, दुपारी तापलेली, ढग आला की पुन्हा थोडी थंड. चिपचं सिलिकॉन, तिच्यावर जोडलेली ॲल्युमिनियमची बारीक तार, खालचं तांबं आणि मधला डाग, म्हणजे सोल्डर, हे प्रत्येक पदार्थ उष्णतेने वेगवेगळे पसरतात. ॲल्युमिनियम सिलिकॉनच्या सुमारे आठ-नऊ पट पसरतं. रोज अशी ओढाताण होऊन काही वर्षांनी तारेचा जोड सुटतो किंवा सोल्डरला भेगा पडतात. मग करंट उरलेल्या जोडांवर जातो, ते जास्त तापतात आणि शेवटी एक दिवस 'फट्' असा आवाज येतो.

चिपच्या शेजारी असलेले कपॅसिटर हा दुसरा कमजोर दुवा. त्यांच्याबाबत एक ढोबळ नियम सांगितला जातो, तापमान दर 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. म्हणजे सावलीत बसवलेला आणि उन्हात बसवलेला, हे एकाच कंपनीचे दोन कंट्रोलर असले तरी त्यांच्या आयुष्यात मोठा फरक पडतो.

दुसरं आव्हान, वीज पडणं

मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विदर्भात विजांचा कडकडाट असतो. वीज थेट पॅनलवरच पडायला पाहिजे असं नाही. जवळ कुठे पडली तरी लांब वायरीत क्षणभर हजारो व्होल्टचा झटका तयार होऊ शकतो. चिपची सहनशक्ती मात्र ठरलेली असते, उदाहरणार्थ 1200 व्होल्ट. त्या पलीकडे गेलं की काही मायक्रोसेकंदात खेळ संपतो. फ्यूज उडायलाही त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून फ्यूज चिपला वाचवू शकत नाही. वाचवतो तो सर्ज अरेस्टर आणि नीट केलेली अर्थिंग. अर्थिंगची तार तुटली किंवा कुणी काढून नेली तर अरेस्टर असूनही नसल्यासारखाच.

नवी पिढी : सिलिकॉन कार्बाइड आणि गॅलियम नायट्राइड

सिलिकॉनची मर्यादा जवळ आली म्हणून जग आता दुसऱ्या पदार्थांकडे वळलं आहे.

सिलिकॉन कार्बाइड हे नाव नवं वाटलं तरी वस्तू ओळखीची आहे. धार लावायच्या दगडात, ग्राइंडरच्या चाकात, पॉलिश पेपरमध्ये तेच असतं. 'कार्बोरंडम' म्हणतात ते हेच. त्याची विजेचा दाब सहन करण्याची ताकद सिलिकॉनच्या सुमारे दहा पट. त्यामुळे तेवढ्याच व्होल्टेजसाठी चिपमधला थर दहाव्या हिश्श्याएवढा पातळ चालतो. थर पातळ म्हणजे विरोध कमी, विरोध कमी म्हणजे उष्णता कमी. उष्णता वाहून नेण्यातही ते सिलिकॉनच्या जवळपास तिप्पट चांगलं. त्याचे मॉसफेट 2011 च्या सुमारास बाजारात आले आणि 2017-18 मध्ये टेस्लाच्या मॉडेल 3 कारमध्ये वापर झाल्यावर मागणी एकदम वाढली. जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यांवर इलेक्ट्रिक गाड्यांना जे वेगवान चार्जर लागतात, त्यातही आता सिलिकॉन कार्बाइड वापरलं जातं.

गॅलियम नायट्राइड दुसरं. घरातल्या पांढऱ्या एलईडी बल्बच्या आत हाच पदार्थ असतो. निळ्या एलईडीसाठी 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल तीन शास्त्रज्ञांना मिळालं, ते याच पदार्थावरच्या कामासाठी. मोबाईलचे छोटे पण ताकदवान फास्ट चार्जर त्याच्यामुळेच शक्य झाले. कमी व्होल्टेजला आणि खूप वेगाला तो चांगला. मोठ्या व्होल्टेजच्या कामात सिलिकॉन कार्बाइड पुढे आहे.

मग ते सौर पंपात सरसकट का नाही?

पहिलं कारण किंमत. सिलिकॉन वितळवून त्याचा माणसाएवढा स्फटिक एक-दोन दिवसांत ओढून काढता येतो. सिलिकॉन कार्बाइड तसं वितळत नाही. 2000 अंशांच्या वर त्याची वाफ करून ती थराथराने जमवावी लागते आणि तासाला एक मिलिमीटरही वाढ होत नाही. तयार झालेला स्फटिक हिऱ्याच्या खालोखाल कठीण, त्यामुळे त्याच्या चकत्या कापणंही अवघड. सिलिकॉनच्या चकत्या 300 मिलिमीटर व्यासाच्या निघतात, याच्या अजून 150 वरून 200 वर जात आहेत. या धंद्यात जोखीम किती आहे बघा. या क्षेत्रातली अमेरिकेची आघाडीची कंपनी वुल्फस्पीड हिने जून 2025 मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला.

दुसरं कारण मोटरीशी संबंधित आहे. नवी चिप फार वेगाने उघडझाप करते. कंट्रोलरपासून बोअरमधल्या मोटरीपर्यंत केबल लांब असेल तर विजेचा हा झटपट धक्का केबलच्या टोकाला जाऊन उलटतो आणि मोटरीच्या टोकाशी व्होल्टेज जवळपास दुप्पट होऊ शकतं. त्याने वाइंडिंगचं इन्सुलेशन खराब होतं. हा त्रास आयजीबीटीलाही आहे, पण चिप जितकी वेगवान तितका तो वाढतो. म्हणजे चांगली चिप बसवून भागत नाही. फिल्टर, केबल आणि मोटर, सगळं तिच्या जोडीचं लागतं.

तिसरं कारण पुरवठ्याचं. जगातलं बहुतांश गॅलियम चीनमध्ये तयार होतं आणि ऑगस्ट 2023 पासून चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. चिप आयात करणाऱ्या देशाच्या शेतातला पंप अशा निर्णयांना बांधलेला राहतो.

देशात काय सुरू आहे?

भारतात आता पॉवर चिपकडे लक्ष वळलं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भुवनेश्वर येथे सिकसेम कंपनीच्या सिलिकॉन कार्बाइड कारखान्याला मंजुरी दिली. वर्षाला 60 हजार चकत्यांची क्षमता त्यात धरली आहे. गुजरातमध्ये साणंद येथे मुंबईच्या सीजी पॉवरचा चिप पॅकेजिंगचा प्रकल्प आहे, धोलेरा येथे टाटा इलेक्ट्रॉनिक्सचा चिप निर्मितीचा. हे कारखाने पूर्ण क्षमतेने चालून स्वस्त चिप शेतापर्यंत यायला काही वर्षं लागतील. तोपर्यंत शेतातल्या कंट्रोलरला सिलिकॉनच्याच जोरावर उन्हाळे काढायचे आहेत.

एकेकट्या पंपाच्या पलीकडे

सौर पंपाबरोबर राज्यात दुसराही मार्ग सुरू आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून गावाच्या कृषी फीडरलाच दिवसा वीज देण्याचं काम चाललं आहे. राज्याचं उद्दिष्ट 16 हजार मेगावॅटचं आहे. वैजापूर तालुक्यातला धोंदलगावचा 3 मेगावॅटचा प्रकल्प त्यातला पहिला. अशा प्रत्येक प्रकल्पात मोठे इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरमध्ये पुन्हा आयजीबीटी.

इथे एक वेगळंच आव्हान आहे. पारस किंवा चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रातली टर्बाइन शेकडो टनांचं वजन घेऊन फिरत असतात. कुठे अचानक बिघाड झाला तर ते वजन एकदम थांबत नाही, त्यामुळे सगळ्या जाळ्याला सावरायला काही सेकंद मिळतात. सौर इन्व्हर्टरमध्ये फिरणारं काहीच नाही. जाळ्यात सौर वीज जशी वाढेल, तसं हे सावरण्याचं काम चिपना आणि त्यांच्या सॉफ्टवेअरला करावं लागेल. जगभर त्यावर संशोधन सुरू आहे. झटक्याच्या वेळी जास्तीचा करंट द्यायचा म्हटलं तर पुन्हा प्रश्न तोच, चिप किती उष्णता सोसणार?

पाच वर्षांनंतर काय?

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वात मोठं आव्हान मात्र दुरुस्तीचं आहे. पॅनलचं आयुष्य साधारण 25 वर्षांचं धरलं जातं. पंप-मोटर दुरुस्त होते, वाइंडिंग गावात किंवा तालुक्याला भरून मिळतं. कंट्रोलर मधेच कुठेतरी दमतो. हमीची मुदत पाच वर्षांची. त्यानंतरची वीस वर्षं त्याची काळजी कोण घेणार?

स्टार्टर उघडून कॉइल बदलणारा कारागीर प्रत्येक गावात सापडतो. पण कंट्रोलरचं कार्ड अनेकदा रासायनिक लेपाने बंद केलेलं, प्रत्येक कंपनीचं वेगळं, आतलं सॉफ्टवेअर वेगळं. एका कंपनीचं कार्ड दुसऱ्याच्या डब्यात चालेल याची खात्री नाही. दुरुस्ती होत नसेल तर अख्खा डबा बदलायचा, म्हणजे खर्च शेतकऱ्याचा आणि जुना डबा ई-कचरा. इन्व्हर्टर, ई-स्कूटर आणि सौर कंट्रोलर यांच्या दुरुस्तीचं प्रशिक्षण तालुक्याच्या आयटीआयमध्ये मिळालं, सुटे भाग जिल्ह्याला मिळू लागले आणि डब्यांत शक्य तितका सारखेपणा आला, तर गावातल्या पोरांना कामही मिळेल आणि पंपही चालत राहतील. पुढच्या काही वर्षांत हजारो संचांची हमी संपायला लागेल. ही तयारी त्याआधी व्हायला हवी.

शेतकऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

- कंट्रोलर पॅनलच्या सावलीत, जमिनीपासून उंच आणि चारही बाजूंनी हवा खेळेल असा बसवून घ्यावा. बसवतानाच सांगावं, नंतर हलवणं अवघड जातं.
- डब्यावर पोतं, ताडपत्री टाकू नये. मागच्या पट्ट्यांवरची धूळ संच बंद करून कोरड्या कापडाने किंवा ब्रशने काढावी. पाण्याचा फवारा मारू नये.
- पावसाळ्यापूर्वी अर्थिंगची तार जागेवर आहे का, खड्ड्यात ओल आहे का, ते पाहावं.
- वायर आत जाते तिथली भोकं बंद असावीत. मुंग्या, पाली आत शिरल्या तर शॉर्टसर्किट होतं.
- बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ धोकादायक वीज शिल्लक असते. शिवाय ऊन असेपर्यंत पॅनलच्या वायरी जिवंत असतात. डबा स्वतः उघडू नये.
- संच चालू असताना पॅनलच्या वायरीचा जोड ओढून काढू नये. डीसीची ठिणगी एसीपेक्षा जास्त वेळ टिकते आणि हात भाजतो.
- मोटर बदलायची असेल तर आधीच्याच क्षमतेची बसवावी. जास्त एचपीची मोटर जोडली तर चिपवर ताण येतो आणि हमीही अडचणीत येऊ शकते.
- डिस्प्लेवर दिसणारा एरर कोड मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. तक्रार देताना तो उपयोगी पडतो. विहिरीत पाणी संपल्यावर पंप आपोआप थांबतो, तेव्हाही कोड दिसतो; तो बिघाड नसतो.
- संच घेताना कंट्रोलरचा मॉडेल नंबर, अनुक्रमांक आणि बसवल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी. हमीची पाच वर्षं त्यावरूनच मोजली जातील.
- बिघाड झाल्यास पुरवठादार कंपनीकडे आणि महावितरणच्या 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. पाणी द्यायच्या हंगामात तोंडी तक्रारीवर थांबू नये.

नखाएवढ्या चिपने शेतकऱ्याची रात्रपाळी सोडवली, हे खरं आहे. ती चिप उन्हाळ्यात किती तग धरते आणि दमली तर किती दिवसांत बदलून मिळते, यावर पुढची रब्बी ठरणार आहे.